पाय मोकळे झाले तो हिवाळा

दसरा उलटला की आमच्या टिळकवाडीतल्या जुन्या क्लबामागे लाल माती चाळायला घेतात. पावसाळाभर सोडून दिलेलं टेनिसचं कोर्ट तोवर कोर्ट राहिलेलं नसतं. कडेनं गवत माजलेलं, मधोमध शेवाळाचे हिरवे पट्टे, नेटच्या खांबाखाली बेडकांनी मांडलेला संसार. मग ते सगळं खरवडायचं, चाळलेली माती पसरायची, पाणी मारायचं, वरून लोखंडी रोलर फिरवायचा आणि जमीन घट्ट झाली की चुन्यानं पांढऱ्या रेघा ओढायच्या. ओल्या मातीचा आणि चुन्याचा मिळून एक वास येतो. तो काही फार सुवासिक वगैरे नसतो. पण तो आला की माझ्या पोटऱ्या जाग्या होतात.

यंदाही झाल्या. कॉलेजातून परतताना स्कूटर थांबवून मी कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहिले. रोलर कुरकुरत चालला होता. येळ्ळूरकडच्या शिवारात भाताची कापणी सुरू झालेली, वाऱ्याला भाताच्या पेंढ्याचा वास होता आणि आमची बेळगावची थंडी संध्याकाळ व्हायच्या आतच दबकत दबकत गावात शिरत होती. मला तो हिवाळा आठवला. पंचेचाळिशी ओलांडल्यावर ज्या हिवाळ्यात मी पाय उचलायला शिकले, तो. मी एकटीच नाही, माझे वडीलही. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो.

टेनिसशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी बेळगावातल्याच वडगावच्या विणकराची मुलगी. आमच्या घरात पळायचं ते लाईट आल्यावर, माग चालू करायला. पुढं शिकले, पीयू म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, लग्न होऊन टिळकवाडीत आले, तरी खेळ म्हणजे दुसऱ्यांनी खेळायची गोष्ट हे डोक्यातून गेलं नाही. मग लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि तिची रॅकेट खुंटीवर राहिली. रोज तिच्यावर फडकं मारताना मनात यायचं, हिला पुसण्यापलीकडं काही करता येईल का? त्यातच माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालण्याचा मला मनस्वी कंटाळा. मी रॅकेट घेऊन क्लबात गेले.

तिथं हिरेमठ सर होते. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, कानटोपी आणि शिट्टी यांच्याशिवाय कधी न दिसलेले. मराठी अस्खलित, पण चिडले की कानडी. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्याकडे चेंडू टाकला, मी जागच्या जागी उभी राहून हात लांब केला आणि चेंडू हाताच्या पलीकडून निघून गेला.

"मॅडम, फळीवरचा डबा काढताय काय?" सर म्हणाले. "चेंडू तुमच्यापर्यंत येणार न्हाय. तुम्ही जायचं त्याच्याकडं."

पुढचा चेंडू. पुन्हा तेच. मग कोर्टाच्या त्या टोकाकडून जी आरोळी आली ती पुढं महिनोन् महिने माझ्या कानात राहिली. "काल एत्री, मॅडम, काल एत्री!" पाय उचला, बाई, पाय उचला!

पाय उचला म्हणजे काय, याचा मी घरी येऊन विचार करत बसायची. चपाती लाटताना, ओट्यापाशी उभी असताना, मी माझ्या पायांकडे पाहायला लागले. इतकी वर्षं हे दोघे माझ्या खाली आहेत आणि मला त्यांची ओळखच नाही. वजन टाचेवर आहे की चवड्यावर? वळताना आधी कोणता हलतो? मी दरवर्षी मुलांना घर्षण शिकवते. थांबलेली वस्तू हलवायला जोर जास्त लागतो, हलत्या वस्तूला पुढं ढकलायला कमी. फळ्यावर ठोकळा काढायचा, बाण काढायचे, पुढं सरकायचं. त्या फळ्यावरचा ठोकळा आपणच आहोत हे मात्र कोर्टावर गेल्यावर कळलं.

सरांनी यावर उपाय शिकवला तो इतका साधा होता की मला आधी चेष्टाच वाटली. समोरचा चेंडू मारणार, त्याच्या किंचित आधी आपण जागच्या जागी एक बारीकशी उडी घ्यायची. उडी म्हणजे तरी काय, टाचा उचलायच्या, दोन्ही पाय थोडे फाकवून हलकेच जमिनीला टेकायचं. चेंडू डावीकडं जाणार की उजवीकडं हे अजून माहीत नाही. पण पाय आता झोपलेले नाहीत. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. "चेंडू आल्यावर उठायचं न्हाय," सर सांगायचे, "तो निघायच्या आधीच जागं व्हायचं."

एका बाबतीत मात्र सर माझ्यावर खूश होते. बाजूला सरकणं. पाय न अडखळता, अंग समोर ठेवून, आडवं आडवं. शिकायला येणाऱ्या बाकीच्या बायकांचे पाय एकमेकांत अडकायचे, मी सुळकन सरकायची. "हे कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. मलाही नवल वाटलं. मग आठवलं की वडगावच्या आमच्या घरात दोन मागांच्या मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी वाट असायची. तिथून सरळ चालायची सोय नव्हती. लहानपणापासून आम्ही भावंडं परकर-शर्ट पोटाशी धरून आडवीच चालत आलेलो, मागाच्या फिरत्या पट्ट्यात कपडा सापडू नये म्हणून. जे शिकलेय हे मला माहीतच नव्हतं ते पायांनी जपून ठेवलं होतं. याचं मला फार कुतूहल वाटलं. आणखी काय काय ठेवलं असेल त्यांनी?

आप्पा तेव्हा माझ्याकडं होते. पार्किन्सन्स. हात थरथरायचा त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं, पण पाय दगा देत होते. चालता चालता मध्येच थांबायचे. उंबऱ्यापाशी, वळणावर, कधी मोकळ्या खोलीत. पाऊल उचलायचं मनात असायचं आणि उचलायचं नाही. दोनदा पडले. मग मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की आप्पांना शांतता पाहिजे. वडगावच्या घरात दिवसभर मागांचा खडखडाट, पायांत सुताची बोचकी, खालीवर जमीन, प्रत्येक दाराला उंबरा. माझ्या फ्लॅटमध्ये सगळं सपाट. आप्पांना आणायच्या आधी मी सतरंज्या गुंडाळल्या, पायपुसणी उचलली, खुर्च्या भिंतीला लावल्या. कुठं ठेचकाळायला काही म्हणून ठेवलं नाही. पांढरीशुभ्र, गुळगुळीत फरशी इकडून तिकडं.

त्यांना वडगावातून आणलं तो दिवस मात्र आप्पा विसरले नाहीत. गल्लीत गाडी जात नाही. पाय अडकले होते, म्हणून अण्णानं आणि शेजारच्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं. दारादारात माणसं उभी. ज्या गल्लीतून आप्पा सुताचा गठ्ठा खांद्यावर टाकून शिट्टी वाजवत जायचे, त्या गल्लीतून. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "परत यीन ते पायानं यीन. खुर्चीत न्हाय."

आणि माझ्या त्या गुळगुळीत घरात त्यांचे पाय पहिल्यापेक्षा जास्त अडकायला लागले. मला हे कोडंच होतं. अडथळा काही नाही, आवाज नाही, मग हे थांबतात कशाला? स्वयंपाकघराच्या दारात ते खांबासारखे उभे असायचे आणि मी शेजारी. एकदा मी विचारलं, "आप्पा, नेमकं होतं तरी काय?"

त्यांनी विचार केला. आप्पांना कुणी नीट प्रश्न विचारला की ते नीट उत्तर द्यायचे. "मोटर चालू हाय गं सुमे," ते म्हणाले. "पट्टा सुटलाय."

एका रविवारी घरी कुणी नव्हतं, म्हणून मी आप्पांना क्लबात घेऊन गेले. झाडाखालच्या बाकावर बसवावं, आपण तासभर खेळावं. बाक कोर्टाच्या पलीकडे होता. फाटकापाशीच त्यांचे पाय अडकले, मग धरून, थोपटून, विनवून कसंबसं कोर्टापर्यंत आलो. धुकं अजून विरलं नव्हतं. आदल्या दिवशीच मारलेल्या चुन्याच्या रेघा लाल मातीवर उठून दिसत होत्या. वळसा लांबचा पडणार, म्हणून मी त्यांना कोर्टातूनच न्यायला लागले.

पहिली रेघ आली. आप्पांनी पाय उचलला. ओढला नाही, फरफटवला नाही, चांगला घोट्यापासून उंच उचलला आणि रेघेच्या पलीकडं ठेवला. मग दुसरा. जरा पुढं दुसरी रेघ होती, तिच्यावरूनही तसंच. मधल्या मोकळ्या जागेत अडखळले, रेघ दिसली की पुन्हा पाय उंच. मी त्यांचा दंड धरला होता तो कधी सोडला मला कळलं नाही.

"आप्पा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"रेघेवरून कसे गेलात तुम्ही?"

ते माझ्याकडं बघत राहिले, जणू मी विणकराच्या पोटची नव्हेच. "ताण्यावर पाय कसा दिऊ गं?"

मी लहान होते तेव्हा वडगावात हातमाग बरेच शिल्लक होते. ताण्याचे उभे धागे सकाळी गल्लीत लांबच्या लांब पसरायचे, त्यांना खळ लावायची, वाळवायचे. त्या वेळी गल्लीतून जाणाऱ्यानं, मग तो कुणीही असो, पाय उंच उचलून धाग्यांवरून जायचं. ताण्याला पाय लागता कामा नये. पोराचा लागला तर पाठीत धपाटा, मोठ्याचा लागला तर वाकून धाग्याला हात लावून डोळ्यांना लावायचा. आमच्या गल्लीत मूल चालायला लागलं की आधी हे शिकायचं. मग घरोघरी पॉवरलूम आले, गल्लीतले ताणे गेले, मी विसरून गेले. आप्पांचे पाय विसरले नव्हते.

"पण आप्पा, हा तर चुना आहे."

"मला कळतंय की चुना हाय," ते वैतागून म्हणाले. "पायाला कुठं कळतंय?"

त्या दिवशी मी खेळले नाही. बाकावर त्यांच्या शेजारी बसून राहिले. मला आनंद झाला होता आणि थोडी लाजही वाटत होती. अडथळे म्हणून जे जे आम्ही उचलून ठेवलं होतं, त्याच्याच आधारानं ते चालत होते असं आता दिसत होतं. उंबरे, बोचकी, कदाचित तो खडखडाटसुद्धा. हिरेमठ सर येऊन आप्पांसमोर उकिडवे बसले. दोघांची कानडीत गट्टी जमली. मध्येच सर माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्यापेक्षा हे बरं उचलतात."

घरी आल्यावर मी रांगोळीचा डबा काढला आणि बैठकीपासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर रेघा ओढल्या. यजमान संध्याकाळी आले आणि दारातच थबकले. "कोण येणार आहे? पालखी?" म्हणाले. आप्पा रेघांवरून न्हाणीघरापर्यंत जाऊन आले, ते पाहून यजमानांनी चपला हातात घेतल्या आणि कडेकडेनं, रेघा न मोडता आत गेले. पुढं डॉक्टरांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, हो, अशा रेघांचा उपयोग होतो, ठेका धरून चालण्याचाही होतो. मग आधी का नाही सांगितलंत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी आता एकमेकांत मिसळल्या आहेत. धुक्यातून येणारा चेंडू, तोंडातून निघणारी वाफ, सरांची शिट्टी, घरी आप्पांच्या पायांना लागलेली पांढरी रांगोळी. कोर्टावर शिकलेलं मी घरी करून बघायची आणि घरी दिसलेलं कोर्टावर. आप्पा वळताना अडकतात ते एका पायावर गर्रकन वळायला बघतात म्हणून, हे मला सरांच्या एका ओरड्यावरून सुचलं. बारीक बारीक पावलं टाकत, मोठं वळण घ्या. चेंडूजवळ पोचतानाही हेच करायचं असतं. माझा खेळ सुधारला का? थोडा. चेंडू अजूनही पलीकडून जायचा, पण आता मी त्याच्या दिशेनं निघालेली असायची.

आता आप्पा वडगावातच असतात. यंदा ते फारसे चालत नाहीत. खाटेपासून दारापर्यंत, दारापासून मागाच्या खोलीपर्यंत, तेही वहिनीच्या हाताला धरून. परवा गेले होते तेव्हा झोपेत त्यांचे पाय पांघरुणाखाली हळूहळू खालीवर होत होते. मी बराच वेळ बघत बसले. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी, ते परत गेले तो दिवस माझ्यापाशी आहे.

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. माझ्या पिशवीत रांगोळीचा डबा होता. रेघा ओढत ओढत घरापर्यंत न्यायचं, असा माझा बेत. आप्पा उतरले, गाडीच्या दाराला धरून उभे राहिले आणि कान देऊन ऐकायला लागले. गल्लीतल्या प्रत्येक घरात माग चालू होते. खटाक खटाक, खटाक खटाक. मला तो गोंगाट वाटायचा. आप्पांचा अंगठा चपलेत हलायला लागला. मग त्यांनी गाडीचं दार सोडलं आणि त्या ठेक्यावर निघाले. मला डबा काढायलाही वेळ दिला नाही. मी मागून दोन्ही हात पुढं करून, चालायला शिकणाऱ्या पोरामागं जावं तशी. दारातून बायका हाका मारत होत्या, "आप्पा आलं, आप्पा आलं!" वहिनी आमच्या दारातून ओरडली, "आवो, चालत येऊलालेत की!"

अर्धी गल्ली झाली आणि लाईट गेली.

एकेक माग मंदावत थांबला. शेवटचा कुठलासा दोन ठोके जास्त देऊन गप्प झाला. आप्पा जागच्या जागी थांबले. पाऊल उचलायला गेले, टाच उठली, बोटं जमिनीलाच. अंग पुढं, पाय मागं. मी धावत पुढं जाऊन डबा उघडला, पण कुणीतरी नुकतीच पाण्याची बादली ओतलेली, साचलेल्या पाण्यात रांगोळी पडली ती वाहून गेली.

तेवढ्यात आमच्या घरातून अण्णा पळत आला. हातात तीच प्लॅस्टिकची खुर्ची. त्याच्या डोळ्यांत काळजी होती, दुसरं काही नव्हतं. आप्पांनी खुर्ची पाहिली आणि मान खाली घातली. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"अण्णा, थांब जरा," मी म्हटलं.

"अगं पडतील की!"

"थांब म्हणते ना."

मी आप्पांच्या समोर उभी राहिले, तोंडाला तोंड करून. काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. पायांनी आपलं आपणच केलं. टाचा उचलल्या, हलकेच टेकल्या, वजन डाव्या पायावर, मग उजव्या, मग डाव्या. भर गल्लीत, साडी नेसलेली मी, समोरून चेंडू येणार असल्यासारखी डुलत होते. आप्पा माझ्या पायांकडे बघायला लागले. आणि मला दिसलं की हे मी टेनिसमध्ये शिकले असले तरी बघितलं फार आधी होतं. आमच्याकडं पॉवरलूम यायच्या आधी खड्ड्यातल्या हातमागावर बसलेले तरणे आप्पा, खाली पावडीवर पाय, डावा दाबला की निम्मे धागे वर, उजवा दाबला की उरलेले निम्मे.

"आप्पा," मी म्हटलं, "पावडी दाबा."

त्यांनी डावा पाय दाबला. मग उजवा. पुन्हा डावा. जागच्या जागी, सावकाश, अंग या बाजूनं त्या बाजूला. डावा, उजवा. आणि उजवा दाबला असतानाच डावा सुटला, उचलला गेला, पुढं पडला. त्याच्या मागून दुसरा. मी उलट्या पावली मागं सरकत होते, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला खाली बघायचीही सोय नव्हती.

वाटेत अण्णा खुर्ची धरून उभा होता. आप्पांनी बारीक बारीक पावलं टाकत, मोठं वळण घेऊन त्याला वळसा घातला, आणि त्याच्याकडं न बघता म्हणाले, "हातमागाला लाईट कशाला लागतीय रं?"